सरळ वाट

बैल आपसांत बोलत असत, तेव्हाची गोष्ट. गावच्या विहिरीवर उजवीकडे मैन्या आणि डावीकडे हौशा असे मोट ओढत होते. मोट भरली की पुढे, रिकामी झाली की उलट पावलांनी मागे, असा रोजचाच दिवस चालला होता. तेवढ्यात दवंडी आली. जुन्या बैलांना म्हातारपणी गाव वैरण देईल. नव्या बैलांनी मात्र रोजच्या वाट्यातून आपली सोय आपण करावी.

"मजा आहे तुमची, दादा," हौशा म्हणाला. "माझे अजून दात पुरे आले नाहीत, आणि मी म्हातारपणाचं बघू?"

"रोज एक पेंढी बाजूला ठेव. जड जात नाही," म्हातारा मैन्या म्हणाला. "मी पोळ्याला कायमचा सुटतोय. मग टेकडीमागच्या नदीवर जाणार. जन्मभर मागे सरकलो, एकदा सरळ चालायचंय."

"मग येत्या अमावास्येलाच जाऊ. मोट बंदच असते की."

"सुट्टीला पाय कशाला दमवू? सुटल्यावर वेळच वेळ आहे."

हौशा रोज पेंढी ठेवू लागला. दर अमावास्येला तो नदीचं विचारी आणि मैन्या पोळ्याचं नाव सांगे. पोळ्याला आठ दिवस उरले असताना मैन्या गोठ्यात बसला, तो उठला नाही. गावाने राखलेली त्याची वैरण तशीच राहिली.

पोळ्यानंतरच्या अमावास्येला हौशाने आपली पेंढी बाजूला ठेवली आणि तो सरळ नदीवर गेला. मानेवर जू नव्हतं, तरी उजवीकडची जागा मोकळी सोडून तो चालला.

मैन्याला बरोबर न्यायचं तेवढं राहून गेलं.