खैरपाटचे अडकलेले हात

पोरांना त्या दगडावर बसू द्या, मॅडम. हटकू नका. चावडीपुढची ती मानाची जागा त्यांचीच आहे. सभेच्या दिवशी सरपंच खाली सतरंजीवर बसतो आणि पोरं वर. एकदा मोठे साहेब आले होते, त्यांनाही आम्ही सतरंजीच दाखवली.

मी सुकदेव, या खैरपाटचा पाटकरी. बंधाऱ्याचं पाणी पाळीपाळीनं शेतांत सोडायचं काम आमच्या घराण्याकडं. तुम्ही पोरं नागरिकशास्त्राच्या तासाला ठराव, बहुमत शिकता ना? मग ही जागा पोरांना कशी मिळाली ते ऐका. मी ऐकलेलं सांगतो. बघायला मी काही तेव्हा नव्हतो.

असं सांगतात की पूर्वीही पाण्याचा निर्णय इथंच, सगळ्या गावासमोर व्हायचा. बंधाऱ्यावरच्या सातीआसरा, म्हणजे आमच्या पाण्याच्या देवता, मनात खोट नाही अशी त्यांची आण घ्यायची अन् मग हात वर करायचा. पाटाच्या अगदी शेवटाला केवळबाईचं शेत होतं. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, आणि बापानं मरताना तो तुकडा तिला दिला. त्यावरच तिचं पोट. एका साली पाऊस बेताचा झाला. गहू नुकता निसवला होता, ओंब्या बाहेर पडल्या होत्या, आणि पाटलानं सभेत मांडलं की शेवटच्या शेताचं पाणी तोडावं. पाणी तुटलं तर गहू जळणार अन् बाई देशोधडीला लागणार, हे सगळ्यांना कळत होतं. तरी पाटलाचा हात वर गेला, त्याच्यामागं बाकीच्यांचे. केवळबाईचा सख्खा भाऊ धुडकू, त्याचाही.

धुडकूची लेक चांगुणा तिथंच होती. तुमच्याएवढीच असेल. तिनं बापाला विचारलं, "आबा, आत्याचंच पाणी का तोडायचं?"

"गप बस. मोठ्यांचं काम आहे," म्हणून धुडकू हात खाली घ्यायला गेला, तर हात येईना. शेजाऱ्याचाही येईना. अख्खी सभा हात वर करून बसलेली, म्हणे.

काय रे, दुखले का म्हणतोस? दुखणार नाहीत तर काय! दिवस कलला तरी हात तसेच. नाकावरची माशी हाकलायची सोय नाही.

पोर मात्र एकेकापुढं जाऊन तेच विचारत राहिली. शेवटी एक म्हातारा वैतागून म्हणाला, "पाटलानं केला म्हणून मी केला गं बाई." एवढं बोलला मात्र, त्याचा हात धपकन मांडीवर आला. मग काय, सगळ्यांना वाट सापडली. कोणी म्हणालं, शेजाऱ्याचं बघून केला. कोणी म्हणालं, मी ऐकतच नव्हतो. पाटलानंही मान खाली घालून सांगितलं, माझा ऊस वाचावा म्हणून. त्याचाही हात खाली आला.

राहिला धुडकू. तो म्हणाला, पाणी कमी आहे म्हणून. हात हलला नाही. म्हणाला, पाटलाच्या भीतीनं. तरी नाही. केवळबाई समोरच बसली होती. तिला भावाकडं बघवेना. ती म्हणाली, "जाऊ दे चांगुणे, नको विचारू त्याला." पण पोर जागची हलली नाही. तेव्हा धुडकू लेकीकडं बघून म्हणाला, "गहू जळाला की आत्या शेत सोडून जाईल, आणि ते मला मिळेल." हात खाली आला. त्याच हातानं तोंड झाकून तो रडला, असं सांगतात.

त्या साली सगळ्यांनी आपापल्या पाळीतलं थोडं थोडं पाणी सोडलं आणि केवळबाईचा गहू घरात आला. गावानं ठरवलं की यापुढं सभेत पोरं वर बसतील आणि हात वर करणाऱ्यानं आधी त्यांना कारण सांगायचं.

हात खरंच अडकले होते का, ते मला विचारू नका. माझी आजी शपथेवर सांगायची, माझा नातू हसतो. मी मधला, मी नुसता सांगतो.

आजही आमच्या ग्रामसभेत ठराव मांडला की लगेच हात वर जात नाहीत. माणूस उठतो, या दगडापाशी येतो आणि समोरच्या पोराला आपलं कारण सांगतो. बरेच जण सांगतात आणि जागेवर जाऊन हात वर करतात. काही जण मात्र पोरासमोर उभे राहतात, तोंड उघडतात, आणि काही न बोलताच परत जाऊन बसतात. त्यांचा हात मग वर जात नाही.