फाटकाजवळचा कोरा दगड

हा दगड नीट बघा. पुरुषभर उंच, चांगला घडवलेला, घासून गुळगुळीत केलेला, आणि त्यावर कोरलेलं अक्षर एकही नाही. पाहुणे विचारतात, पाटी लावायची राहून गेली का? राहून गेलेली नाही. धामणखेडच्या मुलींच्या वसतिगृहाचं नाव ऐंशी वर्षं असंच कोरं आहे. मी बी.ए. अर्धं टाकून बसलोय, त्यामुळे इतिहास म्हणून नाही, गावात सांगतात तसं सांगतो. फक्त गावची थोर मंडळी ज्या जागा गाळतात, त्या मी गाळणार नाही.

हे वसतिगृह बांधलं अन्नपूर्णाबाई बोगावार यांनी. तेलाच्या गिरणीची मालकीण, विधवा. बाजारातला हौद त्यांचा, दवाखान्यातली बाळंतिणींची खोली त्यांची. कॉलेज निघालं तेव्हा खेड्यांतल्या मुलींना राहायला जागा नव्हती, म्हणून बाईंनी बारा खोल्या उभ्या केल्या. जागा मात्र नगरपालिकेची होती, आणि फाटकाची किल्ली नगराध्यक्ष आबासाहेब वरूडकरांच्या खिशात.

उघडायच्या दिवशी अकरा मुली ट्रंका घेऊन जूनच्या उन्हात उभ्या होत्या. सोबत त्यांचे बाप. आबासाहेब म्हणाले, आधी दगडावर बाईंच्या यजमानांचं नाव कोरा, मग फाटक. पाथरवट छिन्नी घेऊन तयारच होता. ह्या यजमानांनी हयातीत मुलींच्या शाळेला एक वीट दिली नव्हती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बोललं कोणी नाही. आमच्याकडे मोठ्यांसमोर गप्प बसण्यालाच संस्कार म्हणतात.

मुलींचे बाप मात्र चुळबुळ करू लागले. दोनची मोटार सुटली तर दुसरी उद्याच. फाटक तोवर उघडलं नाही, तर पोरी घेऊन ते परत जाणार होते, आणि गेलेली पोर पुन्हा येत नसते.

बाई म्हणे शांतपणे पुढे आल्या. "आबासाहेब, तुमच्या आईचं नाव काय?"

"कृष्णाबाई. सगळ्या गावाला माहीत आहे."

"ते लग्नात ताटातल्या तांदळावर लिहिलेलं. त्याच्या आधीचं?"

आबासाहेबांनी शेजारी पाहिलं. शेजारच्याने छताकडे पाहिलं असतं, पण वर नुसतं आभाळ होतं. बाईंनी तिथे जमलेल्या नगरपालिकेच्या सातही सभासदांना एकेक करून तेच विचारलं. एक म्हणाला, "आम्ही तिला बाईच म्हणायचो." दुसरा चिडला, "ही काय परीक्षा आहे?"

"आहे. ह्या अकराजणी परीक्षा देऊन आल्यात. तुम्ही एक द्या. एकाला जरी उत्तर आलं, तर म्हणाल ते नाव कोरा. नाही आलं, तर दगड कोरा राहील आणि फाटक उघडेल."

आबासाहेब तरातरा घरी गेले. हरायची सवय नव्हती. त्यांची आई ओसरीवर चिंच फोडत बसली होती. "आई, तुझं माहेरचं नाव काय?" म्हातारीने म्हणे पहिल्यांदा विचारलं, "कोणी मेलं का रे?"  नाव आठवायला तिला वेळ लागला. आठवलं तेव्हा म्हणाली, "मी येऊन सांगते. दमणी जुंप."

पावणेदोनला बैलांची दमणी फाटकाशी लागली. म्हातारी उतरली आणि म्हणाली, "मैनी. मैना नव्हे, मैनी."

आबासाहेब जिंकले होते. पाथरवटाने छिन्नी टेकवली. म्हातारीने त्याचा हात धरला. "थांब बाबा. माझ्या पोराच्या बापाचं नाही, बाईच्या नवऱ्याचं नाही, माझंही नको कोरू. एकीचं कोरलंस तर बाकीच्यांची कुठे मावतील?"

मग शेवंता कुमरे नावाच्या मुलीने ट्रंकेतून खडू काढला आणि दगडावर लिहिलं, मैनी. म्हातारीला वाचता येत नव्हतं. "हे मी?" तिने विचारलं. "हो, आजी." तिने त्यावर तळवा ठेवला. खडू हाताला लागला, तो तिने दिवसभर धुतला नाही, असं सांगतात. आबासाहेबांनी खिशातून किल्ली काढून तिच्या दुसऱ्या हातात दिली. फाटक तिनेच उघडलं. दोनची मोटार बापांना घेऊन गेली, अकराही पोरींना इथेच ठेवून.

आजही नवी मुलगी ट्रंक आत न्यायच्या आधी ह्या दगडावर खडूने आपल्या आईचं माहेरचं नाव लिहिते. माहीत नसेल तर फाटकातूनच फोन लावते. पलीकडून बहुतेकदा आधी हसू येतं, मग नाव. संध्याकाळी दगड पुसतात.

सगळ्यात वरची जागा मात्र कोणी भरत नाही. ती अन्नपूर्णाबाईंची. तेही नाव तांदळावरचंच होतं. त्याआधीचं काय, हे त्या दिवशी जमलेल्या एवढ्या शहाण्या माणसांतून कोणीही विचारलं नाही. बाई त्यानंतर वीस वर्षं जगल्या.