पाटी पुसणारी नंदिका

विहारात चार शिकलेली माणसं बसली असताना गोष्ट सांगायला मलाच उठवलंत. गुडघे दुखतात, तरी सांगतो. मध्ये बोलायचं नाही.

फार पूर्वी मिथिलेत सुकेतू राजाचा अंमल असताना बोधिसत्त्व एका पाठशाळेत, तिथल्या आचार्यांच्या हाताखाली, सोमदत्त नावाचा उपाध्याय होता. तिथे दक्षिणा देणाऱ्यांची पोरं वाळूच्या पाट्यांवर लिहायची. गरिबांची पोरं सेवा करून शिकायची, म्हणजे वाळू सारखी करून त्या पाट्या पुसायची. काम उरकलं की त्यांचा धडा, असा नियम. काम कधी उरकायचंच नाही, मेलं!

एके दिवशी श्रेष्ठीचा मुलगा ओरडला, "आचार्य, या बुरुडाच्या पोरीनं माझ्या पाटीला हात लावला!"

"ते तिचं कामच आहे, बाळ."

"पण तिनं माझी चूक दुरुस्त केली!"

आचार्य उठले. "नंदिके, तुला वाचता येतं?"

"पुसायच्या आधी बघते, आचार्य. सात वर्षं बघतेय."

आचार्यांनी उपरणं फाडून पट्टी काढली आणि सोमदत्तापुढे धरली. "बांध हिच्या डोळ्यांवर. यापुढे असंच पुसायचं, नाहीतर घरी बसायचं. पौर्णिमेला माझ्या आसनावर तू बसणार आहेस. शिस्त लावायला शीक."

नंदिका रडली नाही. पाटीवरची अक्षरं मात्र भराभरा वाचू लागली, शेवटची म्हणून.

सोमदत्ताच्या अंगाची आग झाली. आचार्यांचा राग आलाच, पण त्याहून स्वतःचा. सात वर्षं ही पोर त्याच्या डोळ्यांसमोर शिकली आणि त्याला कधी दिसली नव्हती.

त्यानं पट्टी भिरकावली. "नंदिके, पाटी उचल. चल."

"आसन जाईल, सोमदत्ता!"

"जाऊ द्या. तुम्हीच बसा त्यावर!"

वेशीबाहेर पिंपळाखाली नंदिका लिहू लागली आणि उपाध्याय पुसू लागला.

"गुरुजी, कोपरे राहिले," ती म्हणाली. त्यानं मुकाट्यानं कोपरे पुसले.

दुसऱ्या दिवशी सेवेची सगळी पोरं पिंपळाखाली आली. तिकडे श्रेष्ठीच्या मुलाला वाळू सारखी करता येईना. सगळा वर्ग भरलेल्या पाट्या मांडीवर घेऊन बसून राहिला.

तेव्हाची नंदिका पुढच्या जन्मी संघात थेरी, म्हणजे ज्येष्ठ भिक्खुणी, झाली, तिच्यापाशी बायका शिकल्या. सोमदत्त म्हणजे स्वतः तथागत. या गुणाचं नाव करुणा. ती मऊच असते असं कुणी सांगितलं तुम्हाला?

आणि ते आचार्य? ते फिरून जन्मले, आमच्या शाळेत हेडमास्तर झाले. फीवाल्यांची पोरं आत बसवून मला तिसरीत दोन वर्षं व्हरांडा झाडायला लावला. अजून माफी मागितलेली नाही. नाव सांगतो, ऐका: हणमंतराव निंबाळे.