आधी आपण घ्या

माझी शाळा लहानपणीच सुटली. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, शब्दही साधेच असतील, तर मोठ्यांनी माफ करावं आणि मुलांनी गोष्टीकडे लक्ष द्यावं.

फार पूर्वी एका डोंगरावर एक राजा होता आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी, नदीकाठी, दुसरा राजा होता. वर ज्वारी, हरभरा आणि गूळ व्हायचा. खाली भाताची खाचरं होती. दोन्ही राज्यांच्या मधे एकच घाट, पण त्या घाटात दगडांची उंच भिंत उभी होती. ती दोन्ही राजांच्या आजोबांनी मिळून बांधली होती. त्यांनी मिळून केलेलं तेवढंच एक काम, कारण नंतर ते आयुष्यभर लढतच राहिले.

लढाई का झाली, याचे पोवाडे दोन्हीकडे होते. डोंगरावर गायचे, "नदीवाल्यांनी आमचं भरलं ताट लाथाडलं." नदीकाठी गायचे, "डोंगरवाल्यांनी आमच्या राजाला विष घातलं." डोंगरावरच्या राजाने आपला पोवाडा लहानपणी पाठ केला होता. दुसरा त्याने कधी ऐकलाच नव्हता.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. नदीला पाणी होतं म्हणून खाली भात पिकला. वर काही पिकलं नाही. लोक रानातले कंद उकडून खाऊ लागले. राजाला धड बसवेना, धड उभं राहवेना. तो गच्चीवर येरझाऱ्या घालायचा आणि खालच्या हिरव्या खाचरांकडे बघत राहायचा. शेवटी त्याने मनाचा हिय्या केला आणि निरोप धाडला, "आमच्याकडे जेवायला या. जेवण झालं की भिंतीचं बोलू."

नदीकाठचा राजा यायला तयार झाला, पण आता त्याला वाढायचं काय? ही बातमी गावात गेली आणि घराघरातून डाळ येऊ लागली. कुणी मूठभर दिली, कुणी चिमूटभर. कुणी गुळाचा शेवटचा खडा दिला. त्यातून राजाच्या आत्याने स्वतः उभं राहून पुरण शिजवलं.

पाहुणे आले. दोन्ही राजे समोरासमोर पाटावर बसले. यजमानाच्या मागे त्याचा प्रधान उभा राहिला, पाहुण्याच्या मागे त्याचा सेनापती. गरम पुरणपोळ्या आल्या, वर तुपाची धार पडली. तो वास बाहेर अंगणात गेला. तिथे ज्यांनी डाळ दिली होती ते सगळे उपाशी बसले होते. डोंगरावरचा राजा हसून म्हणाला, "घ्या महाराज. सुरुवात करा."

पाहुणा म्हणाला, "आधी आपण घ्या."

"छे छे, असं कसं? आधी आपण."

"नाही, आपण घ्या ना. मग आम्ही आहोतच."

"असा संकोच करू नका. घर आपलंच आहे."

पाहुण्याने हात मांडीवर ठेवला तो तिथेच राहिला. राजाला वाटलं, आपलाच आग्रह कमी पडला. त्याने वाढप्याला हाक मारली, "पाहुण्यांना आणखी एक पोळी वाढा. तुपाला हात आखडू नका."

पोळीवर पोळी पडली. पाहुण्याच्या कपाळावर आठी आली.

अंगणातून कुणीतरी हळूच विचारलं, "जेवले का पाहुणे?"

दारातल्या पहारेकऱ्याने मान हलवली. "अजून नाही."

"कटाची आमटी वाढा," राजा म्हणाला. "भजी वाढा. महाराज, एक घास तरी घ्या, आमच्यासाठी."

पाहुण्याचा आवाज बदलला. "आम्हाला भरवायची फारच घाई दिसते तुम्हाला."

ते राजाला लागलं. तो म्हणाला, "आणि आमच्या घरचं अन्न तुम्हाला जड जातं असं दिसतं."

प्रधान मागून पुटपुटला, "चिखलातल्या भाताशिवाय यांना काही गिळवत नाही."

सेनापतीने ते ऐकलं. "इथलं गिळायला आमचे महाराज काही जिवाला कंटाळलेले नाहीत," तो म्हणाला आणि त्याचा हात तलवारीकडे गेला. दारातले पहारेकरी दोन पावलं आत आले.

राजा पाटावर चुळबुळत होता. त्याचं मन एका जागी ठरत नव्हतं. ताटातलं तूप कडेने थिजायला लागलं होतं. अंगणातल्या माणसांच्या तोंडचा घास काढून ही पोळी केली आणि हा माणूस तिला बोट लावत नाही! पोवाडा खोटा नव्हता तर. याच्या आजोबाने हेच केलं होतं. प्रधान वाकून कानात म्हणाला, "महाराज, आता सहन करायचं नाही. नुसती खूण करा."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आत्या करवादली, "अरे, पोळ्या वातड व्हायला लागल्या! भांडायचं तर जेवून भांडा!"

कुणी हसलं नाही. सगळे गप्प झाले. आणि त्या शांततेत एक आवाज आला, गुडगुड, गुडगुड.

पाहुण्याचं पोट बोलत होतं.

पाहुणा घाईने खोकला, पण उशीर झाला होता. त्याचे कान लाल झाले. राजा पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघू लागला. हा माणूस पहाटेपासून घाट चढून, भिंतीला शिडी लावून आला होता. त्याची नजर पोळीवरून हलत नव्हती आणि तो सारखा आवंढा गिळत होता. राजाच्या मनात आलं, ज्याला ताट लाथाडायचं आहे तो असा बघेल का?

प्रधान पुन्हा म्हणाला, "महाराज, खूण!"

राजाला कळेना काय करावं. पाहुण्याला "का जेवत नाही" असं विचारणं डोंगरावर मोठं कमीपणाचं मानत. आग्रह करायचा, विचारायचं नाही, अशी रीत होती. पण अंगणात माणसं बसली होती. राजाने प्रधानाला हाताने मागे सारलं.

"महाराज," तो म्हणाला, "तुम्हाला भूक लागली आहे. समोर ताट आहे. मग जेवत का नाही?"

पाहुण्याने पोळीवरची नजर वर केली. मग म्हणाला, "तुम्ही जेवत नाही म्हणून."

"म्हणजे?"

"आमच्याकडे यजमान पहिला घास खातो. अन्न चांगलं आहे, निर्धास्त जेवा, असं पाहुण्याला त्यातून कळतं. तुम्ही मात्र मघापासून मलाच वाढताय. स्वतः हात लावत नाही. मी काय समजायचं?"

राजा पाटावरच पुढे सरकला. "अहो, आमच्याकडे पाहुण्याच्या आधी जेवणं म्हणजे पाहुण्याला उष्टं घालणं! तुम्ही पहिला घास घेतल्याशिवाय मला ताटाला शिवता येत नाही."

दोघांनी एकदमच समोरच्या ताटांकडे पाहिलं.

पाहुण्याने हळूच विचारलं, "तुमच्या आजोबांनी आमच्या आजोबांना जेवायला बोलावलं, तेव्हा..."

"तेव्हाही असेच बसले असणार," राजा म्हणाला. "समोरासमोर. आधी आपण, आधी आपण करत."

"आणि घरी गेल्यावर आमचे आजोबा म्हणाले, विष होतं."

"आमचे म्हणाले, लाथाडलं."

सेनापतीने तलवारीवरचा हात काढला, पण तो कुठे ठेवावा हे त्याला सुचेना. प्रधान मात्र कळवळून म्हणाला, "महाराज, गैरसमज झाला हे खरं. पण पूर्वजांची रीत आहे. तुम्ही आधी खायचं नाही. खाल्लंत तर लोक काय म्हणतील?"

"रीत आमचीही आहे," सेनापती म्हणाला. "महाराज आधी खाणार नाहीत."

सगळं उकललं होतं, तरी दोन्ही ताटं तशीच भरलेली राहिली. अंगणातून पुन्हा आवाज आला, "जेवले का हो?"

राजा पाटावरून उठला. पाहुण्याजवळ जाऊन तो खाली जमिनीवर बसला. त्याने आपल्या ताटातली नव्हे, पाहुण्याच्याच ताटातली पोळी मोडली, थिजल्या तुपासकट तो तुकडा तोंडात घातला आणि सगळ्यांसमोर चावून गिळला. प्रधानाने डोळे मिटून घेतले.

"आता ताट उष्टं झालं," राजा म्हणाला. "माझ्या रीतीने मी तुमचा अपमान केला आहे. चालेल का?"

पाहुण्याने उरलेली पोळी उचलली आणि दोनच घासांत संपवली. "वातड आहे," तो भरल्या तोंडाने म्हणाला, "पण अजून एक वाढा."

आत्या आतून ओरडली, "वातड तुमच्यामुळे झाली!"

पहारेकरी अंगणाकडे वळून ओरडला, "जेवले!" बाहेर एकच गलका झाला. मग त्याच पाटांवर भिंतीचं बोलणं झालं: ती पाडायची आणि खालचा भात वर येऊ द्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा कुणाला न सांगता उठला. चार पोळ्या त्याने फडक्यात बांधल्या, हातात पहार घेतली आणि तो घाटात गेला. भिंतीच्या दोन्ही बाजूंना पहारेकरी एकमेकांकडे पाठ करून उभे होते, रोज उभे राहायचे तसे. राजाने पहारीने वरचा एक दगड खाली ढकलला. त्या फटीतून पलीकडचा तरुण शिपाई घाबरून बघू लागला. राजाने पोळी मोडली, पहिला घास स्वतः खाल्ला आणि उरलेली पोळी फटीतून पुढे केली.

तात्पर्य: समोरचा आपल्या रीतीने वागला नाही म्हणून त्याच्या मनात पाप आहे असं धरून बसू नये. आधी विचारावं, आणि घास थंड व्हायच्या आत विचारावं.