अक्काच्या खुणेचं नाव

"अक्का दिवसभर करायची तरी काय?"

हे मी आईला विचारलं. ऑफिसातून भेटायला आलेल्या मुलींना विचारलं. सगळ्यांचं एकच, कॉम्प्युटरचं काम. तेराव्याला आलेल्या भटजींनाही विचारलं. ते पळीतलं पाणी सोडत राहिले.

चौदाव्या दिवशी मी मोटरसायकल काढली आणि मिरजेला तांबोळी सरांकडं गेलो. अक्का त्यांची शिष्या. मी नववी नापास, तासगावात पाण्याच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देतो. माझी आणि सरांची ओळख नव्हती.

सर सत्तरीचे. चटईवर बसले होते, पुढ्यात बैठं मेज, मेजावर लॅपटॉप. शेजारी तन्मय, अक्काच्या बरोबरीनं शिकलेला.

मी चप्पल काढता काढताच नाव सांगितलं, अक्काचा भाऊ म्हणालो आणि तो प्रश्न टाकला.

सरांनी एक कागद पुढं केला.

"वाच."

"इंग्रजी आहे."

"अक्षरं येतात ना?"

येत होती. मोटरच्या पाटीवरची रोज वाचतो. कागदावर सात ओळी होत्या, ओळीत एकेक नाव.

"कुठल्या नावाचं काम काय असेल, सांग."

"मला काय विचारता? यांना विचारा की."

"तन्मयला सातही कळतात," सर म्हणाले. "म्हणून तो आज बिनकामाचा आहे."

तन्मय खाली बघून हसला.

पहिलं नाव कळलं नाही. दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं... काहीच नाही. सहावं नीट उच्चारताही येईना.

"ही शिवी आहे का?"

"ते मी सुचवलंय," तन्मय म्हणाला.

सातवं होतं, ऑल्सो नेम्ड. मी एकेक अक्षर लावलं.

"ऑल्सो म्हणजे सुद्धा. नेम म्हणजे नाव. एकाच गोष्टीला आणखी एक नाव आहे, असं काहीतरी."

तन्मयनं सरांकडं पाहिलं.

"हेच करायची ती," सर म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. माणसं कॉम्प्युटरला कामं लिहून देतात, वेगवेगळ्या भाषांत. ते लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देतो तो कंपायलर. एका भाषेत लिहिलेलं काम दुसऱ्या भाषेतल्या माणसाला हवं असतं, पण तिकडं त्या कामाला वेगळंच नाव असतं. तो तिकडून हाक मारतो. इकडून कुणी ओ देत नाही. अक्कानं एक खूण तयार केली. ती कामाच्या डोक्यावर लिहिली की दोन्ही नावांनी काम सापडतं.

"आम्ही तारांच्या टोकांना रंगीत दोरे बांधतो," मी म्हणालो. "तसं?"

"तसंच. खूण चालते. खुणेला काय म्हणायचं तेवढं राहिलंय. आज पाचपर्यंत कंपायलरवाल्यांना कळवायचं. एकदा गेलं की बदलत नाही. जगभर लोक लिहून बसतात."

"आणि सातवं नाव कुणाचं?"

तन्मयनं चष्मा काढला. "कुंदाताईचं, तुझ्या अक्काचं. दवाखान्यातून पाठवलं होतं. इतकं साधं नाव कोण ठेवतं म्हणून आम्ही हसलो होतो."

तेव्हा मला तो फोन आठवला. दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात तिनं फोन केला होता. संभ्या, एक शब्द सांगते, ऐकून काय वाटतं सांग. माझ्या मांडीवर उघडी मोटर होती, गिऱ्हाईक डोक्यावर उभं. अक्का, डोकं खाऊ नकोस, म्हणालो आणि ठेवला. परत ती शब्द सांगायला आली नाही.

माझा आवाज चढला. "मग तिचंच नाव द्या त्या खुणेला. तिनं केली ना? कुंदा म्हणा."

"बरं," सर म्हणाले. "तन्मय, लिही."

"सर, असं नाव..."

"लिही."

त्यानं पाच इंग्रजी अक्षरं लिहिली. सरांनी पडदा माझ्याकडं वळवला. अक्काचं नाव इतकं स्वच्छ मी पत्रिकेवरही पाहिलं नव्हतं. मला हुंदका आला.

सरांनी तो येऊ दिला. मग म्हणाले, "आता तू तिचा भाऊ नाहीस. लांबच्या देशातला कुणीतरी आहेस. काम अडलंय, आणि समोर हे दिसलं. वाच."

मी वाचलं.

"हे काय करतं?"

मी परत एकदा वाचलं.

"काय करतं, संभा?"

"कळत नाही."

"मग काय करशील?"

"जिनं केलं तिला विचारेन."



मी उठलो. चप्पल घातली, मोटरसायकलपर्यंत गेलो. किल्ली लावली. तन्मय मागून आला. तो म्हणाला, "तुला माहीत नसेल. सर रोज दवाखान्यात यायचे. बाकावर बसून तिला आमचं लिहिलेलं वाचून दाखवायचे. नर्स ओरडायची, आजोबा, पेशंटला झोपू द्या."

"आणि तू?"

"मी रक्त दिलं दोनदा. माझा गट जुळला."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. अक्काचा दिवसभराचा वेळ घेणाऱ्या या माणसांशी भांडायला मी सकाळी घरातून निघालो होतो. किल्ली काढली आणि परत आत गेलो. सरांच्या पाया पडलो. त्यांनी पाय मागं घेतले आणि लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला.

"मला येत नाही," मी म्हणालो.

"खोडायला ही कळ. लिहायला बाकीच्या."

मी एकेक अक्षर खोडलं. शेवटून सुरुवात होते. ए गेला, डी गेला. एन गेल्यावर के आणि यू राहिले, तेव्हा हात थांबला. तन्मय पुढं झुकला तर सरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला बसवलं.

उरलेली दोन मीच खोडली.

मग एका बोटानं ऑल्सो लिहिलं. दोन शब्दांना जोडणारी आडवी रेघ सापडेना, ती सरांनी दाखवली. नेम्ड लिहिलं. तन्मयनं दोनदा वाचून पाहिलं, बरोबर आहे म्हणाला. कुठलं बटण दाबायचं ते त्यानं बोटानं दाखवलं, आणि बोट मागं घेतलं.

मी दाबलं. अक्कासाठी माझ्या हातून झालेलं तेवढंच.



"सर, यात अक्काचं नाव कुठं आलं?"

सरांनी लॅपटॉप मिटला.

"हे नाव वाचून ज्याला कधी कुणाला विचारावं लागणार नाही, त्याला विचार."