पाळकसाहेबांची नजर

माळावरच्या एका गावात एक पाळक होते. जखऱ्या त्यांचं नाव. आवाज असा, की ते प्रार्थनेला उभे राहिले की कडेवरचं पोरसुद्धा रडायचं थांबे. लग्न असो, मयत असो, पहिला निरोप त्यांना जायचा. गाव त्यांना मानी, आणि गाव आपल्याला मानतं हे त्यांनाही चांगलं ठाऊक होतं.

ख्रिस्ताच्या देवळाला लागूनच रिबका नावाची एक विधवा राहायची. देवळाची किल्ली तिच्या कमरेला असे. रोज सकाळी ती देवळात झाडलोट करी, कंदिलाच्या काचा पुसी. कुणी सांगितलं नव्हतं. नवरा गेल्यावर तिनं आपणहून ते काम धरलं होतं. "माझ्या घरात आता धुळीचे पाय घेऊन कोण येतंय?" म्हणायची. "म्हणून देवबापाचं घर झाडते."

कापणीचा सण आला. आदल्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या शेतातलं पहिलं पीक आणून देवापुढं ठेवलं. बाजरीची कणसं आली, भुईमुगाचे डहाळे आले. बर्णबा नावाच्या शेतकऱ्यानं तर एवढा मोठा भोपळा आणला, की तो बघायला पोरं जमली.

रविवारी सकाळी पाहतात, तर मोठा भोपळा नाही. त्याच्या जागी एक लहानसा, वाकडा भोपळा. आणि रिबकाच्या छपरावर भोपळ्याचा वेल होता. त्याला असेच लहान भोपळे लागत.

पाळकसाहेब व्यासपीठावर चढले. म्हणाले, "देवापुढचं मोठं दान नेऊन कुणीतरी लहान ठेवलंय. माणसाला फसवता येईल. देवाला नाही."

एवढं बोलून त्यांनी रिबकाकडे पाहिलं. नाव घेतलं नाही. नुसतं पाहिलं, पण जरा जास्तच वेळ पाहिलं. सगळ्या मंडळीच्या माना त्या नजरेमागं वळल्या.

जिभेला हाड नसतं म्हणतात. इथं तर जीभ हललीसुद्धा नाही, आणि घाव बसला.

देवळाची किल्ली दुसऱ्या घरी गेली. रिबका हापशावर आली, की बाया बोलायच्या थांबत. एक दिवस कुरसाबाईनं टोमणा मारला, "काय गं रिबका, भोपळ्याची भाजी अजून पुरतेय का?" बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. रिबका घागर न भरताच माघारी गेली. त्यानंतर ती देवळात आली नाही.

त्याच आठवड्यात बर्णबाची म्हातारी आई काठी टेकत पाळकसाहेबांकडे आली. तिला ऐकू कमी यायचं. गावात काय चाललंय, याचा तिला पत्ता नव्हता.

"साहेब, माझ्या पोरानं बियाण्याचाच भोपळा उचलून आणला होता हो! बी गेलं तर पुढल्या साली काय लावायचं? म्हणून देवळाला कुलूप लागायच्या आधी मी तो गुपचूप लोटत घरी नेला आणि कणगीआड झाकला. देवाची जागा रिकामी नको, म्हणून घरातला लहान ठेवला. चुकलं का माझं?"

पाळकसाहेब तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "नाही आजी. देव समजून घेतो." म्हातारी हलक्या मनानं घरी गेली.

पाळकसाहेबांचं मन मात्र जड झालं. पण त्यांनी मनाला समजावलं, "मी कुणाचं नाव घेतलं होतं का? मग माघार तरी कशाची घ्यायची?" असं म्हणून त्यांनी ती गोष्ट पोटात ठेवली.

पुढं प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एक भाकर वाटून खायचा रविवार आला. त्या गावची रीत अशी, की आदल्या दिवशी पाळकानं घरोघर जाऊन विचारायचं, "कुणाशी अबोला आहे का? असेल तर आधी मिटवा, मग भाकरीला हात लावा." पाळकसाहेब विचारत विचारत रिबकाच्या दारी आले. ती ओट्यावर बाजरी पाखडत होती.

"रिबकाबाई, कुणाशी अबोला आहे का?"

"माझा कुणाशी नाही, साहेब," ती सूप न थांबवता म्हणाली. "गावाचा माझ्याशी आहे."

पाळकसाहेबांनी तिला भोपळ्याची खरी हकिगत सांगितली. हात जोडले. म्हणाले, "मला माफ करा, बाई."

रिबकानं सूप खाली ठेवलं. "नजर भर देवळात टाकलीत. आणि माफी माझ्या ओट्यावर मागता?"

"मग मी काय करू?"

"उद्या मी देवळाच्या दाराशी उभी राहते. तुमचं बोलणं ऐकीन. पटलं तर आत येईन. नाही तर माझ्या भावाच्या गावी निघून जाईन. तिथं मला चोर म्हणणारं कुणी नाही."

रविवारी मंडळी भरली. मेजावर पांढरं कापड, भाकर, द्राक्षरसाचा प्याला. लोक सकाळपासून उपाशी बसले होते. रिबका दारात उभी होती. हातात गाठोडं होतं.

पाळकसाहेबांनी बोलायला सुरुवात केली. "प्रियांनो, आपण सारेच चुकतो. माझ्याकडूनही कळत नकळत कुणाचं मन दुखावलं असेल, तर..."

रिबकानं पाठ फिरवली आणि ती पायरी उतरू लागली.

पाळकसाहेबांचं बोलणं तिथंच तुटलं. आधी नाव न घेता दोष लावला, आता नाव न घेता माफी मागतोय, हे त्यांना उमगलं. ते व्यासपीठ सोडून खाली आले.

"रिबकाबाई, थांबा!" तो मोठा आवाज चिरकला. "मंडळींनो, भोपळा चोरीला गेलाच नव्हता. ज्याच्या शेतातला होता, त्याच्याच घरी गेला. मला हे कळलं होतं. तरी मी गप्प बसलो. माझा मान मला रिबकाबाईच्या अब्रूपेक्षा मोठा वाटला. मी डोळ्यांनी खोटी साक्ष दिली, तीही देवाच्या घरात. रिबकाबाई हो म्हणतील, तरच आज मी ही भाकर मोडीन."

बर्णबाच्या आईनं शेजारणीला विचारलं, "काय झालं गं?" शेजारणीनं तिच्या कानात सांगितलं. तशी म्हातारी काठीवर उभी राहिली. "अगं रिबके, भोपळा तर मी नेला होता! एवढं रामायण झालं आणि मला कुणी बोललं कसं नाही?"

कुरसाबाई खाली मान घालून पुटपुटली, "मीही बोलले होते गं तुला."

रिबका पायरी परत चढली. मग तिनं चपला काढल्या. गाठोडं दाराशी ठेवलं आणि आत आली.

"माफ केलं, असं आज तोंडानं म्हणते," ती म्हणाली. "मनाला वेळ लागेल. तेवढा वेळ मला द्या. पण भाकर मोडा आता, साहेब. माणसं उपाशी बसलीत."

पाळकसाहेबांनी भाकर मोडली, आणि पहिला तुकडा रिबकाच्या हातावर ठेवला.

तात्पर्य: चारचौघांत केलेला घाव एकांतातल्या माफीनं भरत नाही. ज्याची अब्रू आपल्यामुळं सांडली, त्याचं नाव घेऊन, सगळ्यांदेखत ती उचलून द्यावी. देवापुढं हात त्यानंतर पसरावा.