शिवणीत गेलेलं पिल्लू

आपल्या आजोबांच्या आजोबांच्या वेळची गोष्ट. इंग्लंडात एका नदीकाठच्या गावात एक म्हातारा चित्रकार राहत होता. त्या देशात पाऊस बारा महिने पडतो आणि कुणाला त्याचं काही कौतुक नसतं. हा चित्रकार मात्र भर पावसात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून नदीकाठी जाऊन बसायचा, कारण त्याला पाणमांजरं बघायची असत. पाण्यातून वर आलेलं पाणमांजर मिशा कसं झटकतं, आई पिल्लाला मानेला धरून कशी उचलते, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो कागदावर रेघ ओढत नसे. मग घरी येऊन त्याच पाणमांजरांना तो सदरे आणि टोप्या घाली, त्यांना शेगडीपुढे चहा प्यायला बसवी, आणि त्यातून मुलांची पुस्तकं तयार होत.

माणूस मनाने प्रेमळ होता, पण कामाच्या बाबतीत भारी ताठ. एकदा छापून आलेल्या चित्राकडे तो परत ढुंकून बघत नसे. चूक दाखवणाऱ्याचं तोंड बघायचीही त्याची तयारी नसे. तशी चूक दाखवायला कुणी येत नसे हा भाग वेगळा.

एका वर्षी त्याचं नवं पुस्तक आलं. नदीला पूर येतो, पाणमांजरांचं घर वाहून जातं, सगळी पिल्लं पांगतात, आणि शेवटी एकेक करून घरी येतात, अशी गोष्ट होती. सगळ्यात धाकट्या पिल्लाच्या गळ्यात लाल मफलर होता. शेवटचं चित्र समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं होतं. मागे दार लावलेलं, शेगडी पेटलेली, सूप उकळतंय, पिल्लं आईभोवती गोळा झालीत आणि आई हसते आहे. शहाणीसुरती माणसंसुद्धा ते चित्र बघून डोळे पुसत.

गावात एक बेकरी होती. बेकरीवालीला पुष्कळ मुलं. त्यातली सगळ्यात धाकटी मुलगी सतत आईच्या एप्रनचं टोक मुठीत धरून उभी असायची. त्यालाही कारण होतं. मागच्या जत्रेत आईने सगळ्या पोरांना घोडागाडीत घातलं आणि घर गाठलं, तेव्हा लक्षात आलं की धाकटी तिकडेच राहिली. सापडली म्हणा, लाकडी घोड्यांच्या पाळण्यापाशी. पण तेव्हापासून आई येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगायची, "ही आमची हरवणारी बरं का." गिऱ्हाइकंही हसायची. धाकटी एप्रन आणखी घट्ट धरायची.

चित्रकार पाव घ्यायला आला, तेव्हा एप्रनमागून तिने विचारलं, की लाल मफलरवालं पिल्लू शेवटी घरी आलंच नाही का? चित्रकाराला हसू आलं. न यायला काय झालं? स्वतःच्या हाताने आणलं होतं त्याने.

घरी जाऊन त्याने पुस्तक उघडलं, आणि त्याचे कान गरम झाले. पिल्लू नव्हतं. भिंतीवर मूळ चित्र टांगलेलं होतं, त्यात ते होतं, अगदी मधोमध, आईच्या पायाशी बिलगून. ते त्याचं सगळ्यात लाडकं पिल्लू, म्हणून त्याला सगळ्यात चांगली जागा दिली होती. पण चित्र काढताना कागद सपाट असतो. पुस्तक बांधताना तो मधोमध दुमडतात आणि तिथेच दोरा घालून शिवतात. चित्रकाराने दोन्ही पानं दाबून धरली, तेव्हा शिवणीच्या आत मफलरची बारीकशी लाल कड दिसली. लाडाने दिलेली जागाच पिल्लाला नडली होती.

दुसऱ्या दिवशी धाकटी वाट बघत होती. दुकानात गर्दी होती. एवढ्या लोकांसमोर चूक कबूल करणं चित्रकाराच्या जिवावर आलं. तो म्हणाला, "अगं, ते आत आहे. दाराआड ओले मोजे वाळत घालतंय." लोकांना उत्तर फार आवडलं. चित्रकारालाही आपण वेळ छान मारून नेली असं वाटलं. शहरातून प्रकाशक आला, तेव्हा चित्रकाराने पिल्लू शिवणीत गेल्याचं त्याला सहज सांगितलं. प्रकाशक म्हणाला, इतक्या लोकांनी पुस्तक घेतलं, कुणाच्या लक्षात तरी आलं का? उगाच बोभाटा करू नका, पुढचं पुस्तक घ्या हाती. चित्रकाराने ते ऐकलं.

काही दिवसांनी बेकरीवाली धाकटीला घेऊन त्याच्या दारात आली. तिच्या हातात पुस्तक होतं. शेवटच्या चित्रातलं दार कुणीतरी पिनेने खरवडून खरवडून फाडलेलं होतं.

आई माफी मागू लागली. इतक्या सुंदर चित्राची पोरीने वाट लावली, काय म्हणावं हिला. धड जेवत नाही, खेळत नाही, सारखी ते दार उघडायला बघते. मग सवयीने तिने जत्रेची गोष्ट सांगितली आणि हसली. धाकटी बुटांकडे बघत राहिली.

चित्रकाराने विचारलं, "दार का फाडलंस, बेटा?"

"दाराआड कुणीच नाहीये," धाकटी म्हणाली. "ते आलंच नाही घरी. तरी त्याची आई हसतेय."

म्हाताऱ्याने आपली थाप पोरीला खाऊसारखी दिली होती आणि ती बिचारी इतके दिवस तिच्यावर डोकं आपटत होती. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. त्याने भिंतीवरचं मूळ चित्र उतरवलं आणि धाकटीला खुर्चीत बसवून तिच्या मांडीवर ठेवलं.

"हे बघ. ते पहिल्यापासून इथेच होतं, आईच्या पायाशी. मी त्याला नको त्या जागी काढलं, म्हणून ते शिवणीत गेलं. आणि दाराआड आहे म्हणालो, तेही खोटं. मला चूक सांगायची लाज वाटत होती."

धाकटीने बोटाने लाल मफलर चाचपून पाहिला. मग हळूच विचारलं, "म्हणजे ते हरवलं नव्हतं?"

"नाही. त्याने काहीच केलं नव्हतं. चुकलो मी."

त्याने रंग काढले आणि तिचं फाटकं पुस्तक पुढ्यात घेतलं. छापलेल्या चित्राला जन्मात हात न लावणारा तो माणूस तिला विचारू लागला की पिल्लाला कुठे बसवू. तिने जागा दाखवली. शिवणीपासून लांब, पण आईला चिकटून. पिल्लू झालं, मफलर झाला. धाकटी म्हणाली, पिल्लाची आई अजून शेगडीकडेच बघतेय. मग त्याने सगळ्यात बारीक कुंचला घेऊन आईच्या डोळ्यांतले ठिपके जरासे सरकवले. आता ती पिल्लाकडे बघत होती. फाटलेल्या दारावर त्याने कागद चिकटवला आणि त्यावर उघडं दार काढलं.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. ही बातमी गावभर झाली आणि पोरं आपापली पुस्तकं घेऊन चित्रकाराच्या पायरीवर येऊन बसू लागली. प्रत्येकाचं पिल्लू वेगळ्या जागी, कुणाचं आईच्या कडेवर, कुणाचं सूपच्या पातेल्यापाशी. नवं पुस्तक लांबलं, प्रकाशक फणकारला, पण म्हातारा बधला नाही. पुढच्या छपाईसाठी त्याने ते चित्र नव्याने काढून दिलं. आणि त्यानंतर दोन पानांचं चित्र काढताना तो आधी मधोमध पेन्सिलीची रेघ मारी आणि त्या जागी फक्त गवत नाहीतर पाणी काढी.

पण त्याच दुपारी, घरी जाताना, आणखी एक गोष्ट घडली, आणि ती चित्रकाराला कधी कळली नाही. पुलावर आल्यावर बेकरीवाली थांबली आणि धाकटीसमोर गुडघ्यांवर बसली. एप्रन चिखलात भिजला, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"जत्रेत तू हरवली नव्हतीस, बाळा," ती म्हणाली. "मी तुला विसरले होते."

धाकटीने आईच्या डोळ्यांत नीट पाहिलं. ती तिच्याकडेच बघत होती. मग पोरीची मूठ सैल झाली, एप्रनचं टोक सुटलं, आणि ती पुस्तक छातीशी धरून पुलावरून पुढे पळाली. मध्येच थांबून मागे वळून बघायची, आई येतेय ना म्हणून.

तात्पर्य: लहान मुलाची गोड बोलून समजूत घालण्याआधी स्वतःला विचारावं, चूक आपली तर नाही ना. असेल, तर आधी तेवढं त्याला सांगावं.